मोटारीचा कंपवात

ज्या घरांत तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात, त्या घरची मोटार ही कोणा एकट्याची नसते. सकाळीं ती मुलांस शाळेंत पोंचविते, दुपारीं दळण आणते, आणि सुट्टी लागली कीं साऱ्या मंडळींस घेऊन कोकणांत उतरते. तिचें दुखणेंही मग साऱ्या घराचें होतें, आणि त्या दुखण्यावर घरांतील प्रत्येकाजवळ एकेक औषध तयार असतें. आमच्या घरच्या जिप्सीचें असेंच झालें. ती हकीकत येथें सांगण्याचें कारण इतकेंच कीं, आडवाटेनें चालणाऱ्या लहान गाड्यांस हा विकार पुष्कळदां जडतो. उपचार सर्वच करतात, निदान मात्र क्वचित् कोणी करतो.

गेल्या वर्षीं वैशाखांतील गोष्ट. पुण्याहून ताम्हिणी घाटानें उतरून आम्हीं माणगांव मागें टाकिलें होतें. आमचे वडील बंधू अण्णा गाडी चालवीत होते. शेजारीं आम्ही आणि मागें आई, वहिनी व अण्णांचे दोन मुलगे. वेग ताशीं साठ किलोमीटरच्या आंतबाहेर असेल. एका लहानशा पुलाच्या सांध्यावरून डावें चाक उसळलें मात्र, आणि अण्णांच्या हातांतील स्टिअरिंग डावी-उजवीकडे असें हिसकूं लागलें कीं तें धरून ठेवणें त्यांस कठीण झालें. गाडीचें सारें तोंड पिसाळल्यासारखें हलत होतें. समोरून मालमोटार येत होती. अण्णांनीं ब्रेक दाबला नाहीं. पाय उचलून घेतला, स्टिअरिंग दोन्ही हातांनीं नुसतें सरळ धरून ठेविलें, आणि वेग तिसाच्या खालीं येतांच तो कंप एकाएकीं थांबला. गाडी कडेला उभी राहिली. बराच वेळ कोणी बोललें नाहीं.

अखेर आई म्हणाली, "मुलांनो, आधीं खालीं उतरा."

अण्णा उतरले ते म्हणाले, "ही गाडी आतां घरीं न्यायची नाहीं. महाडला मिळेल त्या किंमतीला देऊन टाकायची."

अण्णांचा संताप अनाठायीं नव्हता. दोनच महिन्यांपूर्वीं ही थरथर प्रथम जाणवली, तेव्हां एका कारखान्यांत त्यांनीं ती दाखविली होती. तेथें स्टिअरिंगचा डॅम्पर, म्हणजे हिसके जिरविणारी दट्ट्याची नळी, नवी बसवून मिळाली. थरथर थांबली. बरें झालें असें समजून आम्हीं सर्वांनीं तो विषय सोडून दिला होता. आतां तोच विकार चौपट होऊन उलटला होता, आणि गाडींत सारें घर बसलेलें होतें.

आई, वहिनी आणि धाकटा पुतण्या यांस एस. टी.नें पुढें पाठवून आम्ही तिघे, म्हणजे अण्णा, थोरला पुतण्या आणि आम्ही, तिसाच्या वेगानें महाडास पोंचलों. तेथील एका वृद्ध मिस्त्रींकडे आम्हांस जो धडा मिळाला, तो सांगण्यापूर्वीं या विकाराचें मूळ थोडक्यांत पाहूं.

हा विकार मोटारीच्या इतिहासांत नवा नाहीं. १९२० नंतरच्या दशकांत पुढच्या चाकांसही ब्रेक बसूं लागले आणि कमी दाबाचे, रुंद व मऊ टायर प्रचारांत आले. तेव्हां युरोप-अमेरिकेंतील मोटारवाल्यांस या थरथरीनें अगदीं हैराण केलें. त्या काळीं गाजत असलेल्या 'शिमी' नांवाच्या, खांदे थरथरविण्याच्या नृत्यावरून तिलाही तेंच नांव पडलें. १९२५ सालीं ब्रूलिए या फ्रेंच अभियंत्यानें तिचा अभ्यास करून, जमिनीवर टेकलेला टायर बाजूस किंचित् सरकत असतो व त्या सरकण्याशीं या कंपाचा संबंध आहे, असें दाखवून दिलें.

ही गोष्ट घरच्या घरीं करून पाहण्याजोगी आहे. सायकलचें सुटें चाक घ्यावें, त्याच्या आंसाचीं दोन्ही टोकें दोन हातांत धरावीं आणि मुलाकडून तें जोरानें फिरवून घ्यावें. आतां तें एका बाजूस कलविण्याचा यत्न केल्यास तें हातांतल्या हातांत वळूं पाहतें. वळवूं गेल्यास तें कलूं पाहतें. फिरत्या वस्तूचा हा धर्मच आहे, आणि भोंवऱ्याचें डुलणें हेंही याच धर्माचें रूप होय.

आतां हेंच मोटारीस लावून पाहा. जिप्सीसारख्या गाडींत पुढचीं दोन चाकें बैलगाडीच्या चाकांप्रमाणें एकाच अखंड आंसानें जोडलेलीं असतात. डावें चाक उंचवट्यावर चढलें कीं आंस कलतो, आंसाबरोबर दोन्ही फिरतीं चाकें कलतात, आणि कलतांच वळूं पाहतात. वळतांच पुनः कलूं पाहतात. याप्रमाणें एक हिसका दुसऱ्यास जन्म देतो. झोपाळ्यास नेमक्या वेळीं दिलेला हलकासा झोका जसा त्यास उंच नेतो, तसेंच येथेंही होतें. चाकाच्या फेऱ्यांचा आणि पाट्यांवर टांगलेल्या आंसाच्या डुलण्याचा ताल एका विशिष्ट वेगास जुळला कीं एक खड्डा पुरेसा होतो. सांधे घट्ट असतील तर हा झोका एकदोन हेलकाव्यांत मरतो. सांध्यांत ढिलाई असेल तर त्यास वाढण्यास जागा मिळते.

यावर उपाय म्हणून १९३४ सालापासून मोठ्या अमेरिकन कारखान्यांनीं पुढचीं चाकें एकमेकांपासून मोकळीं करण्यास आरंभ केला, आणि आज साध्या प्रवासी मोटारींत अखंड पुढचा आंस आढळत नाहीं. मग आडवाटेच्या गाड्यांनीं तो कां ठेविला? कारण दगडधोंड्यांत एक चाक वर गेलें कीं तोच आंस दुसरें चाक खालीं दाबून जमिनीस लावून ठेवितो, आणि त्याची मजबुतीही अधिक. सुझुकीची जिम्नी १९७० सालीं जपानांत निघाली ती अशाच आंसाची. तिच्या दुसऱ्या पिढीवरून घडविलेली मारुती जिप्सी १९८५ च्या डिसेंबरांत आपल्याकडे आली, आणि जून २०२३ पासून येथें विकली जाऊं लागलेली पांच दारांची जिम्नीही तोच आंस बाळगून आहे. फरक इतकाच कीं जिप्सीचा आंस पाट्यांवर बसतो, तर या जिम्नीचा गुंडाळी स्प्रिंगांवर. तेव्हां थरथरीची शक्यता हा अशा गाडीच्या बांध्याचा स्वभाव होय. मात्र ती प्रत्यक्ष थरथरूं लागली तर दोष झिजेचा किंवा आपल्याच हातचा असतो.

आतां मिस्त्रींकडे येऊं. आम्हांस वाटलें होतें कीं ते लागलीच पान्हा हातीं घेतील. त्यांनीं प्रथम स्टूल पुढें केलें आणि एखाद्या जुन्या वैद्यानें विचारावें तसे प्रश्न विचारले. "साहेब, किती वेगाला होतं? खड्ड्यावरच होतं कीं गुळगुळीत रस्त्यावरही? ब्रेक दाबल्यावर होतं का? हाताला लागतं कीं बैठकीला?"

या चार प्रश्नांतच निम्मे निदान होतें, हें आम्हांस मागाहून उमगलें. गुळगुळीत रस्त्यावर ऐशीं-नव्वदाच्या वेगास बारीक कंप सुरू होऊन वेग बदलतांच तो कमी होत असेल, तर बहुधा चाकांच्या तोलांत अंतर असतें. अशा गाडीच्या टायरचा घेर सुमारें २.२ मीटर, म्हणजे ताशीं ८० किलोमीटर वेगास चाक सेकंदास दहा फेरे घेतें. रिमच्या कडेस अवघें २० ग्रॅम वजन अधिक असलें तरी त्या वेगास तें दीड किलोच्या ओढीनें सेकंदास दहादां चाकास हिसडतें. हा कंप हातास लागला तर पुढचीं चाकें पाहावीं, बैठकीस लागला तर मागचीं. केवळ ब्रेक दाबल्यावर होणारी थरथर ब्रेकची डिस्क वांकडी झाल्याची किंवा ड्रम अंडाकृति झाल्याचें सांगते. गॅस देतांना वाढणारी आणि पाय काढतांच बदलणारी घरघर हीं चाकांचीं लक्षणें नव्हेत. तेथें प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस आणि, जिप्सीच्या बाबतींत, ट्रान्सफर केस ज्या तीन रबरी आधारांवर टांगलेला असतो ते आधार तपासावे. शाफ्ट चाकाच्या चौपट वेगानें फिरत असल्यामुळें त्याचा कंपही तितकाच बारीक व दाट असतो. उलट, एका खड्ड्यानें सुरू होऊन गाडी जवळजवळ थांबेपर्यंत न सुटणारा मोठा हिसका, जो आमच्या वांट्यास आला, तो चाकांच्या तोलाचा विकार नव्हे. तो सांध्यांचा विकार होय.

मग तपासणी झाली, आणि तिचा क्रम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. कारण तो बिनखर्चाच्या गोष्टीपासून खर्चाच्या गोष्टीकडे जातो. पहिल्यानें टायरांतील हवा, टायरास आलेला फुगवटा आणि रिमची आंतली बाजू. आमच्या उजव्या रिमच्या पोटांत शेताकडची चिकणमाती वाळून दगडासारखी बसलेली निघाली! तोल नुकताच करून आणलेल्या चाकासही एवढी माती बिघडवूं शकते.

दुसरें, गाडी जमिनीवरच उभी असतांना अण्णांनीं स्टिअरिंग बोटभर डावीकडे, बोटभर उजवीकडे हलवीत राहावयाचें, आणि मिस्त्रींनीं खालीं निजून एकेका सांध्यावर बोटें ठेवावयाचीं. "डोळ्याला दिसत नाहीं तें बोटाला कळतं," असें ते म्हणाले, आणि आमच्या पुतण्याचें बोट त्यांनीं टायरॉडच्या डाव्या सांध्यावर ठेविलें. दांडी हलत होती, पण सांध्याचें दुसरें अंग किंचित् उशिरानें हलत होतें. याच वेळीं स्टिअरिंगची पेटी चॅसीवर घट्ट आहे ना, पाट्यांचे बुश व आंस पाट्यांस बांधणारे यू-बोल्ट ढिले नाहींत ना, हेंही पाहून झालें.

तिसरी परीक्षा सर्वांत मार्मिक. गाडी जॅकवर चढवून पुढचें चाक माथ्याशीं व तळाशीं धरून हलविलें. डावें चाक खटखटलें. आम्हीं लगेच हबचें बेअरिंग गेलें असा निकाल दिला. मिस्त्री हंसले आणि अण्णांस म्हणाले, "साहेब, ब्रेक दाबा आणि दाबूनच ठेवा." पुनः चाक हलविलें, खटखट तशीच. याचा अर्थ असा कीं, ब्रेक दाबला असतां चाक आणि त्यास धरणारें आंसाचें वळतें टोक हीं एकजीव होतात. हबचें बेअरिंग ढिलें असतें तर तो खेळ त्या क्षणीं नाहींसा झाला असता. तो राहिला, म्हणून दोष त्याच्याही पलीकडे, किंगपिनमध्यें होता.

किंगपिन म्हणजे ज्या खुंटीवर चाक डावी-उजवीकडे वळतें ती खुंटी. जिप्सींत प्रत्येक चाकास वर एक व खालीं एक अशा दोन आखूड खुंट्या असतात आणि प्रत्येकीस एकेक बेअरिंग असतें. हीं बेअरिंगें मोकळीं फिरावीं असें आपणांस वाटतें. परंतु त्यांवर मुद्दाम थोडा दाब ठेविलेला असतो. टायरॉड सोडवून, ताणकाटा अडकवून चाकाचें टोक वळविण्यास किती ओढ लागते तें मोजतात, आणि गाडीच्या पुस्तकांतील आंकड्याशीं ती जुळविण्यासाठीं खुंटीखालचे पातळ पत्रे कमी-अधिक करतात. आमच्या डाव्या चाकास ही ओढ जवळजवळ नव्हतीच. खालची खुंटी काढतांच कारण दिसलें: ग्रीस दुधाळ झालें होतें आणि बेअरिंगवर गंजाचे खळगे पडले होते. ओढे-नाले ओलांडून आल्यावर फाटक्या सीलमधून पाणी आंत शिरलें आणि तेथेंच राहिलें, हें उघड होतें.

मिस्त्री उठून गाडीपासून चार पावलें दूर गेले आणि बाजूनें तिच्याकडे पाहूं लागले. "पुढून उचललीय कोणी?" त्यांनीं विचारलें. आमच्या पुतण्याची मान खालीं गेली. गाडी रुबाबदार दिसावी म्हणून त्यानें मोठे, रुंद टायर आणि बाहेर निघालेलीं रिमें बसविलीं होतीं, आणि ते टायर घासूं नयेत म्हणून पाट्यांचीं शॅकलें लांब करून घेतलीं होतीं. जिप्सीच्या पुढच्या पाट्याचें शॅकल त्याच्या पुढच्या टोकाशीं असतें. तें लांब केलें कीं पाट्याचें पुढचें टोक खालीं जातें, आंस पुढें कलंडतो, आणि किंगपिनचा माथा जो थोडा मागें झुकलेला असावा लागतो तो सरळ होऊं लागतो. हा झुकाव म्हणजेच कॅस्टर. सायकलचा दांडा मागें कललेला असल्यानें ती हात सोडूनही सरळ चालते; तोच गुण मोटारींत या झुकावानें येतो. जिप्सींत तो मुळांतच थोडका, साडेतीन अंशांच्या सुमारास. त्यांतून गेलेला एखादा अंशही चाकास भटकूं देतो. शिवाय टायर जितका जड तितका फिरत्या चाकाचा हट्ट मोठा, आणि रिम जितकी बाहेर तितका रस्त्याच्या प्रत्येक धक्क्यास लांब हात मिळतो.

सारांश, दोष एक नव्हता. वाळलेली माती, झिजलेला टायरॉडचा सांधा, गंजलेलें बेअरिंग, हरवलेला कॅस्टर, मोठे टायर असे पांच होते. आणि त्यांतील एकटा कोणताही बहुधा इतका अनर्थ करता ना. नव्या डॅम्परनें या पांचांवर पांघरूण घातलें. ताप उतरविणाऱ्या गोळीनें अंग थंड पडावें आणि आंतील गळूं पिकत राहावें, तसा हा प्रकार झाला. डॅम्पर निरुपयोगी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. आडवाटेचे हिसके जिरविण्यास तो हवाच. परंतु तो उपचारांतील शेवटचा. त्यास पहिला करूं नये.

दुसऱ्या दिवशीं पुण्याहून सामान आलें. किंगपिनचीं चारही बेअरिंगें, सीलें आणि टायरॉडचे दोन्ही सांधे नवे बसले. शॅकलें मूळचीं लावलीं. पुतण्यानें आपण होऊन मूळचीं चाकें मागवून घेतलीं. त्याबद्दल अण्णा कांहीं बोलले नाहींत. शेवटीं चाकांचा तोल व पुढच्या चाकांची रेषा जुळवून झाली, तेव्हां मिस्त्रींनीं एक विलक्षण गोष्ट केली. त्यांनीं तो नवा डॅम्पर सोडवून बाजूस ठेविला आणि स्वतः गाडींत बसून अण्णांस शेजारीं घेतलें. पहांटेच्या मोकळ्या रस्त्यावर त्यांनीं वेग चाळीस, पन्नास, साठ असा पायरीपायरीनें वाढविला आणि एका उंचवट्यावरून गाडी मुद्दाम नेली. स्टिअरिंगनें एकदां मान हलविली आणि तें स्थिर झालें. "आतां डॅम्पर लावूं," ते म्हणाले, "आतां त्याला पांघरूण घालायचं काम नाहीं." ही परीक्षा अनुभवी हातांची होय, वाचकांनीं ती स्वतः करूं नये, एवढें बजावून ठेवितों.

मात्र पुढील चार गोष्टी कोणत्याही घरांत होण्याजोग्या आहेत. पहिली, कंप जाणवला कीं मिस्त्रीकडे जाण्यापूर्वीं वेग, रस्ता, ब्रेक आणि हात कीं बैठक यांची टीप कागदावर लिहून ठेवावी. दुसरी, चाकाविषयीं संशय असल्यास पुढचीं चाकें मागें व मागचीं पुढें घालून पाहावीं; कंप हातांतून बैठकींत गेला तर दोष चाकांत आहे, आंसांत नाहीं. तिसरी, चिखलांतून किंवा पाण्यांतून आल्यावर रिम आंतून धुवावी आणि किंगपिनच्या सीलाकडे डोळा ठेवावा. चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची, अशी थरथर धांवत्या गाडींत सुरू झालीच तर घाबरून ब्रेक दाबूं नये आणि स्टिअरिंगशीं झटापट करूं नये. गॅसवरून पाय काढावा, स्टिअरिंग सरळ धरावें आणि वेग आपोआप उतरूं द्यावा. त्या दिवशीं अण्णांनीं नेमकें हेंच केलें, म्हणून हा लेख लिहिण्याचा योग आला.

गाडी विकण्याची गोष्ट पुढें कोणी काढली नाहीं. कोकणांतून परततांना त्याच पुलाशीं आल्यावर अण्णांनीं गाडी कडेला घेतली, किल्ली थोरल्या मुलाच्या हातांत दिली आणि "आतां तूं चालव" एवढेंच म्हणाले. सांध्यावरून जातांना गाडींतील प्रत्येकजण श्वास धरून बसला होता. आई मात्र माळ ओढीत होती, पूल मागें पडल्यावर तिनें विचारलें, "तो पूल आला का रे?"